वाचकांचे प्रश्न : बिझनेस स्कूलचे संशोधन आणि आपला धंदा

जगभरच्या बिझनेस स्कूलमधून होणाऱ्या संशोधनाच्या बातम्या हल्ली मराठी वर्तमानपत्रांतूनही येऊ लागल्या आहेत आणि त्या वाचून गोव्यातील अनेक दुकानदार, गृहउद्योजिका, नोकरदार आणि विद्यार्थी या स्तंभाकडे पत्रे पाठवतात. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : आमचे म्हापशाला हार्डवेअरचे दुकान आहे आणि दोन गोदामे आहेत. दुकानात मी, एका गोदामात धाकटा भाऊ आणि दुसऱ्यात पुतण्या बसतो. शिवाय जुने कामगार आहेत. मुलगा एमबीए करून आला असून प्रत्येक मालाची नोंद ठेवा, रोज सकाळी पंधरा मिनिटे बसून आढावा घ्या, असा त्याचा लकडा चालू आहे. माझ्या वडिलांनी आणि मी सगळा हिशेब डोक्यात ठेवून धंदा वाढवला. या ‘व्यवस्थापना’मुळे नफा वाढतो, हे कोणी मोजून दाखवले आहे काय?

मोजून दाखवले आहे आणि तेही परदेशात जाऊन नव्हे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम, जागतिक बँकेचे डेव्हिड मॅकेन्झी आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईच्या उत्तरेला तारापूर आणि उंबरगाव येथील १७ कापड कंपन्यांच्या २८ कारखान्यांचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध केले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निव्वळ योगायोगाने कंपन्यांचे दोन गट पाडण्यात आले. सल्लागारांनी दोन्ही गटांच्या कारखान्यांची महिनाभर तपासणी केली. एका गटाचे काम तेथेच थांबले. दुसऱ्या गटाला पुढचे चार महिने सल्ला आणि तो अमलात आणण्यासाठी मदत, दोन्ही विनामूल्य मिळाले. दोन्ही गट एकाच मुलखातले आणि एकाच धंद्यातले असल्यामुळे पुढे त्यांच्यात जो फरक पडला, तो सल्ल्याचा परिणाम होता असे म्हणता येते. केवळ यशस्वी कंपन्यांची वाखाणणी करणाऱ्या पुस्तकांत नेमकी हीच सोय नसते.

त्या कारखान्यांच्या कोठारांचे वर्णन आपण अवश्य वाचावे. सुताची पोती छतापर्यंत रचलेली आणि मागच्या रांगेतील पोत्यापर्यंत हात पोचण्याची सोय नाही. निरनिराळ्या रंगांचे आणि जातींचे सूत एकत्र पडलेले, कशावरही चिठ्ठी नाही, काही माल ओल लागून खराब झालेला आणि काही सुताचे कोन (शंकूच्या आकाराची रिळे) दबून चेपल्यामुळे पुन्हा गुंडाळावे लागणारे. यंत्रांची हत्यारे आणि सुटे भाग यांचीही तीच गत. सल्लागारांनी ज्या ३८ पद्धती सुचवल्या, त्यांत कोणतीही जादू नव्हती. मालाची नोंद, यंत्रांची ठरलेल्या वेळी देखभाल, कापडातल्या दोषांची रोजची वही, कामाचा रोजचा आढावा, अशाच त्या होत्या. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली आणि तीन वर्षांच्या आत या कंपन्यांनी आणखी कारखाने काढले.

मग मालकांनी हे आधीच का केले नव्हते? काहींना या पद्धती ठाऊकच नव्हत्या. ज्यांना ठाऊक होत्या, त्यांना त्यातून पैसा सुटेल असे वाटत नव्हते, कारण आपला दर्जा शेजारच्या कारखान्याइतका आहे ना, मग झाले, अशी त्यांची समजूत होती. मला स्वतःला याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा निष्कर्ष. कंपनी किती मोठी होते याचा संबंध तिच्या व्यवस्थापनाच्या दर्जाशी फारसा दिसला नाही. तो दिसला मालकाच्या कुटुंबात हाताशी असलेल्या कर्त्या पुरुषांच्या संख्येशी. परका माणूस चोरी करील आणि कोर्टात गेलो तर निकाल लागेपर्यंत हयात जाईल, या भीतीने मालक बाहेरच्या माणसाला अधिकार देत नसत. घरातली माणसे संपली की धंद्याची वाढही थांबत असे. आपल्या पत्रात भाऊ आणि पुतण्या कोठे बसतात हे तपशीलवार आले आहे. वर्षानुवर्षे दुकानात राबलेल्या माणसांची ओळख मात्र ‘जुने कामगार’ या दोन शब्दांत आटोपली आहे. तिसरे गोदाम घेण्याचा विचार कधी झालाच, तर अडचण भांडवलाची असेल की तेथे बसवायच्या माणसाची, हे चिरंजीवांबरोबर बसून एकदा बोलून घ्यावे.

हाच संशोधक गट २०१७ साली त्या कारखान्यांत परत गेला. अमलात आणलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या तोवर सुटल्या होत्या. कोठे व्यवस्थापक बदलला होता, तर कोठे मालकांनाच लक्ष द्यायला सवड उरली नव्हती. तरीही सल्ला मिळालेले कारखाने न मिळालेल्यांच्या पुढेच होते. तेव्हा चिरंजीवांनी सुचवलेले सगळे टिकेल अशी अपेक्षा त्यांनीही ठेवू नये. एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ते कारखाने सरासरी अडीचशेहून अधिक कामगारांचे होते आणि १७ टक्क्यांचा आकडा आपल्या दुकानाला जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु पावसाळ्यानंतर गोदामाच्या कोपऱ्यात गंजलेल्या खिळ्यांचे आणि बिजागऱ्यांचे किती खोके निघतात, हे एकदा वहीत मांडून पाहिलेत, तर मुलाशी वाद घालण्यासाठी किंवा तो मिटवण्यासाठी आपल्याकडे स्वतःचा आकडा असेल.

प्रश्न : मी फोंड्याजवळ घरीच मसाले, लोणची आणि चवथीच्या दिवसांत नेवऱ्या करून विकते. हिशेब ठेवण्याच्या प्रशिक्षणाला दोनदा जाऊन आले. रोजकीर्द, खतावणी, नफा-तोटा पत्रक हे सगळे तिथे समजते, घरी आल्यावर जमत नाही. दोष माझा की प्रशिक्षणाचा?

बहुतांशी प्रशिक्षणाचा, असे म्हणायला चांगला आधार आहे. एमआयटीच्या स्लोन स्कूलमधील अँटोनेट शोअर आणि त्यांचे दोन सहकारी यांनी डोमिनिकन रिपब्लिक या देशात एका लघुवित्त बँकेच्या हजाराहून अधिक कर्जदारांवर हा प्रयोग केला. आपल्यासारखेच छोटे व्यावसायिक त्यांत होते. एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवले. दुसऱ्या गटाला थोडे ठोकळ नियम तेवढे दिले आणि तिसऱ्याला काहीच शिकवले नाही. रीतसर हिशेब शिकलेल्या आणि काहीच न शिकलेल्या गटांत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. ठोकळ नियम मिळालेल्यांचे व्यवहार मात्र सुधारले, हिशेबातील चुका कमी झाल्या आणि ज्यांचे शिक्षण किंवा हिशेबाची सवय कमी होती, त्यांना सर्वाधिक लाभ झाला. २०१४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्या नियमांतील मुख्य नियम असा की धंद्याचे पैसे एका खणात आणि घरचे पैसे दुसऱ्या खणात ठेवायचे. धंद्याच्या खणातून घरासाठी पैसे घ्यावे लागले, तर तेवढ्या रकमेची चिठ्ठी लिहून त्या खणात टाकायची. महिनाअखेरीस चिठ्ठ्या मोजल्या की घराने धंद्यातून किती उचलले ते दिसते आणि त्यासाठी खतावणी लागत नाही. आपल्या बाबतीत याचा उपयोग चवथीत सर्वांत जास्त होईल. त्या पंधरा दिवसांत नेवऱ्यांचे पैसे हाती येतात आणि त्याच पंधरा दिवसांत माटोळीचे सामान, कपडे, पाहुणे यांत जातातही, आणि नारळ, गूळ, तूप यांचा खर्च वजा जाता आपल्या पदरात काय पडले हे कोणालाच सांगता येत नाही. पैसे आता बहुधा मोबाईलवरून येत असतील. त्यासाठी दुसरे बचत खाते उघडून धंद्याचा क्यूआर कोड त्याच खात्याला जोडावा, म्हणजे दुसरा खण तयार झाला.

प्रशिक्षणालाच जायचे असेल तर ते कशाचे आहे हे आधी विचारावे. टोगो देशातील लोमे शहरात १,५०० छोट्या व्यवसायांवर झालेल्या आणि २०१७ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नेहमीच्या व्यवसाय-प्रशिक्षणाने नफ्यात झालेली ११ टक्के वाढ सांख्यिकीच्या कसोटीवर टिकण्याइतकी पक्की नव्हती. पुढाकार घेणे, वेगळा माल शोधणे, अडचण येण्यापूर्वी तयारी करणे अशा गोष्टींचा सराव ज्यांच्याकडून करून घेतला, त्यांचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. नेवऱ्या सगळेच करतात. चवथ सरल्यावर आपल्याकडून काय न्यावे, हे गिऱ्हाइकाला सुचेल अशी काही वस्तू आपल्याकडे आहे काय?

प्रश्न : पेडणे तालुक्यात आमच्या घराच्या चार खोल्या पर्यटकांना देतो आणि खाली छोटे जेवणघर चालवतो. इंटरनेटवरच्या ताऱ्यांमुळे खरेच धंदा वाढतो, की ती नुसती मनाची समजूत?

वाढतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये असताना मायकेल लुका यांनी अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराच्या उपाहारगृहांची सरकारदरबारी नोंदलेली विक्री आणि येल्प या गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांच्या संकेतस्थळावरील तारे यांची सांगड घातली. एक तारा वाढल्यास विक्री ५ ते ९ टक्क्यांनी वाढते असे त्यांना आढळले. येल्प सरासरी गुण जवळच्या अर्ध्या ताऱ्यापर्यंत नेते. त्यामुळे ३.२४ गुण असलेल्याला ३ तारे दिसतात आणि ३.२६ असलेल्याला साडेतीन. जेवण जवळजवळ सारखेच असूनही दिसणारे तारे वेगळे, अशा उपाहारगृहांची तुलना त्यांनी केली. हा परिणाम स्वतंत्र मालकांच्या उपाहारगृहांपुरताच होता, साखळी हॉटेलांवर तो झाला नाही, कारण त्यांच्याकडे काय मिळेल हे गिऱ्हाइकाला आधीच ठाऊक असते. आपल्याला कोणी ओळखत नाही म्हणूनच तारे आपल्यासाठी मोलाचे आहेत. ते विकत देऊ करणारे दलाल किनारपट्टीवर फिरत असतात, त्यांना दारातूनच वाटेला लावावे.

प्रश्न : मी पर्वरीला राहून बंगळूरच्या एका कंपनीसाठी काम करतो. आता आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात या, असे फर्मान आले आहे. घरून काम केल्याने काम घटते, असे संशोधन खरोखर आहे काय?

या विषयावरचा सर्वांत काटेकोर प्रयोग ‘ट्रिप डॉट कॉम’ या चिनी प्रवास कंपनीत झाला आणि २०२४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. १,६१२ कर्मचाऱ्यांचे जन्मतारखेवरून दोन गट केले. विषम तारखेला जन्मलेल्यांना आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची मुभा मिळाली, सम तारखेला जन्मलेल्यांना पाचही दिवस कार्यालयात यावे लागले. पुढच्या दोन वर्षांच्या कामाच्या मूल्यमापनात आणि बढत्यांत दोन्ही गटांमध्ये फरक दिसला नाही. नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण मात्र घरून काम करणाऱ्यांच्या गटात एक तृतीयांशाने घटले आणि ही घट स्त्रिया, लांबून येणारे आणि व्यवस्थापक नसलेले यांच्यात विशेष होती. प्रयोगापूर्वी वरिष्ठांचा अंदाज असा होता की काम २.६ टक्क्यांनी घटेल. प्रयोगानंतर त्यांचेच मत एक टक्का वाढीकडे झुकले.

आपल्या दृष्टीने यात एक अडचण आहे. त्या प्रयोगातील लोक त्याच शहरात राहत होते आणि तीन दिवस कार्यालयात जातच होते. कायम परराज्यात राहून काम करण्याच्या बाजूने या निष्कर्षांची साक्ष काढता येत नाही. साहेबांपुढे हा लेख ठेवलात तर ते तेवढेच नेमके दाखवून देतील. उलट, महिन्यातील ठरावीक आठवडा बंगळुरात आणि उरलेला काळ घरून, अशी मागणी आपण केलीत, तर माणसे टिकून राहिल्याने कंपनीचा जो खर्च वाचतो, त्याचा मुद्दा आपल्या बाजूने मांडता येईल.

प्रश्न : मडगावच्या एका विद्यालयात मी शिक्षिका आहे. प्रामाणिकपणावर संशोधन करणाऱ्या हार्वर्डच्या प्राध्यापिकेवरच आकडे बदलल्याचा ठपका आला, ही बातमी वर्गात मुलींनी मला दाखवली. मग तुम्ही या स्तंभात सांगता त्या अभ्यासांवर तरी विश्वास का ठेवावा?

प्रश्न रास्त आहे आणि त्याला थोड्या विस्ताराने उत्तर दिले पाहिजे. अर्जावरील सही शेवटी न घेता सुरुवातीलाच घेतली तर माणसे अधिक खरी माहिती देतात, असे सांगणारा एक लेख २०१२ साली प्रसिद्ध झाला होता आणि कल्पना सोपी व बिनखर्चाची असल्यामुळे तिला मोठी प्रसिद्धी मिळाली. २०२० साली मूळ लेखकांनीच इतरांसह हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. २०२१ साली ‘डेटा कोलाडा’ या नावाने लिहिणाऱ्या तीन प्राध्यापकांनी त्या लेखातील वाहनविम्याची आकडेवारी तपासली. शून्यापासून ५०,००० मैलांपर्यंत कोणतेही अंतर चाललेल्या गाड्या जवळजवळ सारख्याच संख्येने होत्या. प्रत्यक्षात असे कधी घडत नाही, कारण बहुतेकांची गाडी बेताचीच चालते आणि फार थोड्यांची फार चालते. शिवाय निम्मे आकडे एका टंकात (फॉन्टमध्ये) आणि निम्मे दुसऱ्या टंकात होते. तो लेख त्याच वर्षी मागे घेण्यात आला.

पुढे २०२३ साली याच तिघांनी हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या फ्रान्चेस्का जिनो यांचा सहभाग असलेल्या चार लेखांतील आकडेवारीवर आक्षेप घेतला. त्यांतील एक प्रयोग याच २०१२ च्या लेखातला होता. एक्सेलची फाइल कोणत्या क्रमाने गणिते करायची याची नोंद आपल्या पोटात ठेवते आणि काही ओळी एका गटातून दुसऱ्या गटात हलवल्या गेल्या असाव्यात, असे त्या नोंदीवरून त्यांनी दाखवले. विद्यापीठाने जिनो यांना रजेवर पाठवले. त्यांनी आरोप नाकारले आणि विद्यापीठावर व त्या तिघांवर दावा लावला. त्यातील बदनामीचा भाग न्यायालयाने २०२४ साली फेटाळला. मे २०२५ मध्ये हार्वर्डने त्यांची कायम प्राध्यापकी काढून घेतली.

आता आपल्या मुख्य शंकेकडे वळतो. हे प्रकरण उघडकीस आणणारेही बिझनेस स्कूलचेच प्राध्यापक होते. फाइल पाहायला मिळाली म्हणूनच त्यांना ते करता आले. त्यामुळे अभ्यासाची मूळ आकडेवारी इतरांना तपासण्यासाठी खुली आहे काय आणि तोच प्रयोग दुसऱ्या कोणी करून पाहिला आहे काय, हे दोन प्रश्न मी विद्यापीठाच्या नावापेक्षा महत्त्वाचे मानतो. छोट्याशा युक्तीने माणसाचे वागणे पालटते असे सांगणारे निष्कर्ष वाचताना मी अधिकच सावध असतो. तारापूरच्या अभ्यासात चार महिने राबून १७ टक्के वाढ झाली, यावर माझा विश्वास बसतो. नुसती सहीची जागा बदलून माणसे प्रामाणिक झाली, यावर बसायला वेळच लागला असता.

आपल्या देशातील काळजीचा विषय याहून निराळा आहे. येथे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट झाला आणि त्यांना आवर घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादी बंद करून पारख करण्याची जबाबदारी आयोगाने विद्यापीठांवर सोपवली. यादीत त्रुटी होत्या, हे खरे. पण प्रत्येक महाविद्यालयाकडे पारख करू शकणारी माणसे आहेत असे गृहीत धरणे मला धाडसाचे वाटते.

प्रश्न : कुडचड्याला माझे फर्निचरचे छोटे दुकान आहे. मोबाईलवर कृत्रिम बुद्धिमत्तेला धंद्याविषयी विचारले की ती झटपट सल्ला देते. तो ऐकावा काय?

केनियामध्ये नेमका हाच प्रयोग झाला आहे. हार्वर्ड आणि बर्कली येथील संशोधकांनी ६४० छोट्या उद्योजकांपैकी काहींना व्हॉट्सअ‍ॅपवर कृत्रिम बुद्धिमत्तेचा सल्लागार उपलब्ध करून दिला. सरासरी पाहिली तर काहीच फरक पडला नाही. सरासरीच्या पोटात मात्र दोन गोष्टी दडलेल्या होत्या. ज्यांचा धंदा आधीपासून चांगला चालला होता, त्यांची कामगिरी सुमारे १५ टक्क्यांनी सुधारली आणि ज्यांचा रडतखडत चालला होता, त्यांची सुमारे ८ टक्क्यांनी खालावली. सल्लागार दोघांनाही एकच होता. मागे पडलेल्यांनी अधिक अवघड प्रश्नांवर सल्ला मागितला असावा, असे संशोधकांचे प्राथमिक अनुमान आहे.

याच्या उलट चित्र ग्राहकसेवा केंद्रांत दिसले. सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांच्या एका अभ्यासात अशा मदतनिसामुळे कामाचा वेग सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वाढला आणि सर्वाधिक फायदा नवख्यांना झाला. तेथे प्रश्न तेच ते असतात आणि चांगले उत्तर कोणते हे जुन्या संभाषणांवरून यंत्राला शिकता येते. कुडचड्यात सागवानी पलंग कोणत्या भावाने खपेल हे कोणत्याही संभाषणात नोंदलेले नाही. म्हणून गिऱ्हाइकाला पाठवायचे पत्र, दरपत्रकाचा मसुदा, जाहिरातीचा मजकूर यांसाठी त्याचा खुशाल वापर करा. उधारी किती द्यावी, दुसरे दुकान काढावे की नाही, सुतार कायमचा ठेवावा की कामापुरता बोलवावा, असल्या प्रश्नांसाठी बाजारातला एखादा अनुभवी शेजारी बरा, कारण त्याला सांगेमची आणि केप्याची गिऱ्हाइके माहीत असतात.

प्रश्न : मी साखळीजवळ राहते आणि एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तुमची सगळी उदाहरणे बाहेरची असतात. गोव्यात संशोधन करण्याजोगे काही नाही काय?

भरपूर आहे आणि आपण तर त्याच्या मधोमध राहता. १९९३ साली रायबंदरला सुरू झालेली गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आता साखळीतच आहे. गोवा विद्यापीठाने वाणिज्य, अर्थशास्त्र, व्यवस्थापन आणि संगणक हे विभाग एकत्र आणून ताळगाव पठारावर गोवा बिझनेस स्कूल उभे केले आहे. प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ हे राष्ट्रीय भांडार घरबसल्या विनामूल्य पाहता येते. विषय ठरवण्यापूर्वी तेथे चार दिवस घालवावेत, म्हणजे एकदा होऊन गेलेले काम पुन्हा करण्याची वेळ येणार नाही.

विषय म्हणाल तर काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याने भट्टी लावणाऱ्याच्या हाती जास्त पैसे आले की नुसते बाटली भरणाऱ्याच्या, हा एक चांगला प्रश्न आहे. माझ्या मते त्याहून मोठा विषय खाणबंदीचा आहे. २०१२ साली खाणी थांबल्या, मधल्या काळात काही सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द ठरवल्या. एका निर्णयाने डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील ट्रक, गॅरेज, टायरची दुकाने आणि खानावळी यांचे उत्पन्न बदलले. बार्देशातील त्याच प्रकारच्या धंद्यांना खाणींची झळ तेवढी थेट लागली नाही. त्यामुळे तुलनेसाठी लागणारे दोन गट परिस्थितीनेच पाडून ठेवले आहेत. कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांपैकी कोण दुसऱ्या धंद्यात टिकला आणि का, याचे उत्तर सरकारी आकड्यांत सापडणार नाही. ते ट्रकमालकांच्या घरच्या वह्यांत आणि बँकेच्या पासबुकांत आहे. २०१२ पूर्वीच्या वह्या बऱ्याच घरांत अजून माळ्यावर असतील, परंतु दर दिवाळीच्या साफसफाईत त्यांतल्या काही रद्दीत जातात. मार्गदर्शक ठरण्याची वाट न पाहता आपल्या वाड्यावरच्या दोन-तीन घरांत जाऊन आधी त्या पाहायला मागाव्यात.